पॅच लावून झाल्यावर

हॉस्पिटलात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कुणाचा कॉम्प्युटर अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की ती फोनवर आधी एकच सांगायची, “रीस्टार्ट करून बघा.” बहुतेक वेळा तेवढ्यानं भागायचं. म्हणून तिचं नाव पडलं रीस्टार्टबाई. सुरुवातीला तिला राग यायचा. पुढे एका नव्या डॉक्टरांनी मोठ्या आदरानं “मिसेस रीस्टार्ट” असं लिहून तिला अर्ज पाठवला, तेव्हा तिनं हात टेकले.

तिची खोली तळघरात होती, धुलाईखात्याला लागून. भिंतीपलीकडे चादरी वाळवायची मोठी यंत्रं दिवसभर घुमत असायची, त्यामुळे तिच्या पाठीमागची भिंत कायम कोमट. समोरच्या काचेच्या दारापलीकडे मात्र सर्व्हरची खोली, आणि तिथं हुडहुडी भरेल असा गारवा. एक विटका स्वेटर तिनं खुर्चीच्या पाठीवर कायमचा टाकून ठेवला होता. आत जाताना चढवायचा, बाहेर आली की उतरवायचा. पाठीला उन्हाळा आणि तोंडावर हिवाळा, असं तिच्या नोकरीचं हवामान होतं.

याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर तिच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, लॅबच्या प्रमुख होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे आणि त्यांच्या चपलांचा आवाज ओळखून टेबलं आवरायचे. या नोकरीची जाहिरात निघाली तेव्हा वन्संनी तिला फोन करून कळवलं होतं, एवढंच. परीक्षा तिनं दिली, मुलाखत तिनं दिली. पण घरी चार माणसं जमली की वन्संचं वाक्य ठरलेलं, “हिला मी चिकटवली.” ती मान खाली घालून हसायची आणि मनात म्हणायची, मी काय पोस्टाचं तिकीट आहे?

तो शनिवार होता. तिच्या खात्याचे साहेब मेहुणीच्या लग्नाला परगावी गेले होते, संचालक विमानात होते. सकाळी कामावर येऊन तिनं पर्स टेबलावर ठेवली, कॉम्प्युटर उघडला आणि पहिलंच पत्र वाचून ती तशीच उभी राहिली.

पत्र होतं कागदपत्रांच्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं. हा सर्व्हर म्हणजे हॉस्पिटलचं मोठं सामाईक कपाट. ड्यूटीचे तक्ते, परिपत्रकं, कर्मचाऱ्यांच्या फायली, सगळं त्यात. डॉक्टरांना घरूनही बघता यावं म्हणून त्याचं एक दार बाहेरच्या इंटरनेटकडे उघडलेलं. आणि त्या दारातच भगदाड सापडलं होतं. जगाच्या पाठीवरच्या कुणीही, पासवर्ड नको की ओळख नको, एक खास घडवलेली विनंती बाहेरून पाठवायची, की सर्व्हर तो सांगेल ते करणार. मालकाचाच हुकूम समजून, निमूटपणे. कंपनीनं दुरुस्तीचा पॅच दिला होता आणि पत्रात एकच शब्द ठळक छापला होता: ताबडतोब.

शनिवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची तिची पाळी असायची. तिनं घरी फोन लावला. सासूबाईंना ऐकू कमी यायचं.

“आई, आज जमत नाही. सर्व्हरला भगदाड पडलंय.”

“कशाला?”

“सर्व्हरला! भोक पडलंय!”

“मग प्लंबरला बोलाव की. तू काय करणार त्यात?”

तिनं नवऱ्याला निरोप पाठवला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे बंद पडलेल्या यंत्रात अडकलेल्या माणसांची त्याला सवय होती. त्यानं उलट कळवलं, “आईचं मी बघतो. तू तुझं बघ.”

पॅच लावायचा म्हणजे सर्व्हर थोडा वेळ थांबवावा लागणार. तेवढ्यात सगळ्या वॉर्डांतून फोन. तक्ता दिसत नाही, परिपत्रक उघडत नाही. “येतंय, येतंय,” म्हणत तिनं एका हातानं फोन आणि दुसऱ्यानं कीबोर्ड सांभाळला. अखेर सर्व्हर पुन्हा उभा राहिला. पॅच नीट बसला होता. तिनं सगळ्या विभागांना संदेश धाडला, “गंभीर धोका होता, तो दूर केला आहे. काम सुरू ठेवावे.” मग स्वेटर उतरवून तिनं चहाच्या यंत्रातून एक कप चहा आणला आणि पाठ कोमट भिंतीला टेकली.

तिथंच थांबली असती तर त्या दिवशी तिला कुणी नावं ठेवली नसती. पण चहा पिता पिता ती कंपनीचं पत्र पुन्हा वाचायला लागली. सकाळी तिनं “पॅच लावा” इथवर वाचलं होतं आणि धावत सुटली होती. खाली आणखी एक परिच्छेद होता. ज्यांच्याकडे आधीच शिरकाव झाला असेल, त्यांना केवळ पॅच पुरणार नाही.

तिनं कप खाली ठेवला.

सर्व्हरच्या आतल्या ज्या फोल्डरमध्ये कंपनीच्या फायलींखेरीज काही असायचं कारण नव्हतं, तो तिनं उघडला. फायलींची रांग नजरेखालून घातली. सगळ्या जुन्या, सगळ्या ओळखीच्या. शेवटाकडे एक होती, नावानं अगदी इतरांच्या सख्ख्या बहिणीसारखी. फक्त एक अक्षर जास्त. आणि तारीख परवाची.

परवा या सर्व्हरला कुणी हात लावलेला नव्हता. हात लावायचा तर तिनंच.

फाइल चिमुकली होती. तिनं ती न चालवता नुसती उघडून वाचली. ती एकच काम करत होती. बाहेरून हाक मारणाऱ्याला सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या वाचून दाखवायच्या. या किल्ल्या म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा शिक्का. आपण पाठवलेलं आपल्याकडेच परत आलं, तर ते आपलंच आहे हे तो त्या शिक्क्यावरून ओळखतो. शिक्का ज्याच्या हाती, त्याच्यासाठी पॅच लावलेलं दारसुद्धा उघडंच. सकाळपासून तिनं धावपळ करून दाराला नवं कुलूप बसवलं होतं आणि चोर दोन दिवसांपूर्वीच येऊन किल्ल्यांचे ठसे घेऊन गेला होता.

ती सर्व्हरच्या खोलीत धावली आणि कागदपत्रांच्या सर्व्हरची नेटवर्कची केबल उपटून काढली. स्वेटर घालायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

आता पुढचा प्रश्न. तिथून आणखी कुठं?

लॅबचे रिपोर्ट तयार झाले की डॉक्टरांच्या पानावर आपोआप दिसावेत, म्हणून कागदपत्रांच्या सर्व्हरला लॅबच्या सर्व्हरवर जायची परवानगी दिलेली होती. वन्संनीच हट्टानं करून घेतलेली सोय, आणि चांगलीच सोय होती. तिनं लॅबचा सर्व्हर उघडून पाहिला. त्या परवानगीनं पहाटे कुणीतरी आत आलं होतं. रिपोर्ट न्यायला नव्हे. आत एक नवं काम लावून ठेवलेलं दिसत होतं, आपोआप सुरू होणारं. वेळ: आज दुपारी तीन.

तिनं ते काम काढून टाकलं. क्षणभरानं ते पुन्हा तिथं आलं. पुन्हा काढलं, पुन्हा उगवलं. हरळीसारखं. वरचं पातं खुडत होती ती, मुळं कुठं होती ते तिला दिसत नव्हतं.

तोवर एक वाजून गेला होता.

साहेबांचा फोन लागला तेव्हा मागे बँड वाजत होता. तिनं शक्य तेवढ्या थोडक्यात सांगितलं.

“बाहेरची केबल काढलीस ना? मग झालं,” साहेब म्हणाले. “बाकी सोमवारी बघू.”

“साहेब, हे काम आतच बसलंय. त्याला बाहेरची गरज नाही. तीन वाजता ते चालू होणार.”

“चालू होऊन काय करणार?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही?”

“नाही. पण चांगलं काही करायला कुणी असं चोरून लावत नाही. लॅबचा सर्व्हर बंद करावा लागेल.”

“वेडी आहेस का? शनिवारी ऑपरेशनं चालू असतात! तुझ्या ‘माहीत नाही’वर मी लॅब बंद करू? अजिबात हात लावायचा नाही.” मागून कुणीतरी त्यांना फोटोसाठी हाक मारली आणि फोन बंद झाला.

साहेबांचं अगदीच चूक नव्हतं, आणि तेच तिला टोचत होतं. ती अंदाजावर बोलत होती. अंदाज खोटा निघाला तर रुग्णांची हेळसांड केल्याचा ठपका आयुष्यभर कपाळावर. खरा निघाला आणि आपण गप्प बसलो, तर त्याहून वाईट. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायला जागा तीन वाजेपर्यंतचीच.

ती लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेली.

लॅबमध्ये नेहमीचा औषधी वास आणि यंत्रांची घरघर. सगळ्यांच्या माना खाली होत्या. वन्सं रक्त जुळवायच्या टेबलाशी उभ्या होत्या, हातमोजे घातलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“वन्सं, दोन मिनिटं.”

“दोन मिनिटं असती तर मी जेवले नसते का? बोल.”

तिनं सांगितलं. वन्सं काम न थांबवता ऐकत होत्या. ‘बंद’ हा शब्द आला तसे त्यांचे हात थांबले.

“सकाळी तुझा संदेश आला, धोका दूर केला म्हणून. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला इथं. आता म्हणतेस, चोर आत बसलाय. सकाळच्या तुझ्यावर विश्वास ठेवू की आत्ताच्या?”

“आत्ताच्या,” ती म्हणाली. “सकाळी मी अर्धंच पत्र वाचलं होतं.”

टेबलामागचा तंत्रज्ञ हळूच दुसरीकडे बघू लागला. वन्सं आता फाडून खाणार, हे त्यालाही दिसत होतं. पण वन्संनी फक्त चष्मा वर सरकवला.

“हे बघ. वर टेबलावर एक बाळंतीण आहे. रक्त थांबत नाहीये. तिच्या रक्तात मागच्या वेळचं काहीतरी राहिलंय, कुठलीही पिशवी चालत नाही तिला. तीन जुळवून पाठवल्या, चौथी चालू आहे. तिची जुनी नोंद, कुठली पिशवी कशाशी जुळली, सगळं तुझ्या त्या सर्व्हरमध्ये. आत्ता बंद केलास तर मी आंधळी होणार.”

“किती वेळ?”

“जुळेपर्यंत. रक्ताला घड्याळ दाखवता येत नाही.”

“तीन वाजले की कदाचित कायमचंच बंद पडेल, वन्सं. आजचंही आणि मागचंही.”

घरातल्या कुठल्याही भांडणात या दोघी कधी अशा समोरासमोर आल्या नव्हत्या. तिथं वन्सं बोलायच्या आणि ती भांडी आदळायची.

“तिची नोंद मी छापून घेते,” वन्सं शेवटी म्हणाल्या. “आज रक्त लागेल अशा सगळ्यांचीच घेते. पिशवी जुळली की तुला फोन करते. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. शपथ घे.”

“वन्सं, अडीचच्या पुढे गेलं तर—”

“हात लावायचा नाही!”

ती शपथ न घेताच जिना उतरली.

खाली वायरमामा तिची वाट बघत होते. हॉस्पिटलभर केबली टाकणारा, निवृत्तीला टेकलेला हा माणूस सगळ्यांचा मामा होता. तिनं त्यांना इंटरनेटची मुख्य वायरच काढायला लावली. म्हणजे बाहेरून नवा हुकूम तरी येणार नाही. हॉस्पिटलचा जगाशी संबंध तुटला आणि लगेच टेबलावरचा फोन खणखणायला लागला. तिनं रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला, मग वन्संची आठवण होऊन घाईघाईनं परत जागेवर ठेवला.

“एवढं तीन वाजायचं भय आहे तर घड्याळच मागं फिरव की सर्व्हरचं,” मामा म्हणाले.

“मग लॅबच्या प्रत्येक नळीवर चुकीची वेळ पडेल, मामा. सकाळचं रक्त कुठलं, दुपारचं कुठलं, कळणार नाही. आणि त्यानं घड्याळावर नजर ठेवली असेल तर आत्ताच सुरू व्हायचं.”

“लबाड आहे लेकाचा,” मामा म्हणाले आणि त्यांनी स्टूल ओढून घेतलं.

लॅबच्या सर्व्हरच्या मागे ती वायरींच्या जंजाळात उभी राहिली. मामांनी टेबलावरचा फोन लांब वायरीसकट आत आणून ठेवला. सर्व्हर रीतसर बंद करायचा धोका तिला पत्करायचा नव्हता. बंद होता होताच तो काम उरकून घेईल, असंही त्याच्यात लावलेलं असायचं. वीजच तोडायची. विजेच्या दोन वायरी होत्या, एक गेली तरी दुसरीवर चालत राहावा म्हणून. तिनं एकीवर हात ठेवला आणि थांबली.

असं थांबणं तिनं आयुष्यात केलं नव्हतं. थंडीनं बोटं बधिर व्हायला लागली. पंख्यांचा आवाज एकसुरी. पडद्यावर ते काम तसंच बसलेलं, घड्याळ पुढं चाललेलं. मधेच फोन वाजला. मामांनी उचलला आणि तिच्या कानाशी धरला. वॉर्डाचे ड्यूटीवरचे डॉक्टर होते.

“लॅब बंद करणारी ती बाई तूच का? माझा पेशंट टेबलावर आहे. तू सर्व्हरला हात लावलास ना, तर मी पोलिसात देईन तुला.”

“हो, डॉक्टर,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मामांनी फोन ठेवला. “काय म्हणाला?”

“आशीर्वाद दिला.”

अडीच झाले, आणि वर झाले. तिनं मनाशी वाद घालायला सुरुवात केली. अजून पाच मिनिटं थांबू, मग खेचू. पाच मिनिटं गेली. हात वायरीवर आवळला, पुन्हा सैल झाला. एका टोकाला एक बाई आणि दुसऱ्या टोकाला न दिसणारे सगळे, उद्याचे, परवाचे. आपण तीनला दोन मिनिटं कमी असताना खेचणार की नाही खेचणार, याचं उत्तर तिला नंतरही कधी देता आलं नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, “देवालाच माहीत. मला नाही.”

कारण फोन वाजला.

“जुळली,” वन्संचा आवाज. धाप लागलेली. “चौथी वर गेली, पाचवीही बरोबर पाठवली. कागद छापून झालेत. बंद कर.”

तिनं पहिली वायर उपटली. सर्व्हर तसाच चालू. दुसरीवर हात घातला, तर ती बाकीच्या गुंत्यात अडकलेली. ओढली की सगळा जुडगाच पुढे यायचा. “मामा!” ती किंचाळली. मामांनी गुडघ्यावर बसून गुंता दोन्ही हातांनी फाकवला, तिनं भिंतीला पाय लावून हिसका दिला आणि ती वायरीसकट मागच्या रॅकवर आदळली. पंखे सुस्कारा टाकत मंदावले आणि थांबले.

तीन वाजले तेव्हा तळघरात काहीच झालं नाही. मामा म्हणाले, “बघ, टळलं.” तेवढ्यात भांडारातून फोन आला. हातमोजे, सिरिंजा, पट्ट्या यांचा साठा सांभाळणारा भांडारी रडवेला झाला होता. “बाई, माझा स्क्रीन काळा झाला. लाल अक्षरं आली. काही उघडत नाही. रीस्टार्ट केलं तरी नाही.”

भांडाराकडं तिचं लक्षच गेलं नव्हतं. तिथं आणि पलीकडच्या हिशेबाच्या खोलीतही चोरांनी तेच काम लावून ठेवलं होतं. मामा धावत गेले आणि त्या मजल्याच्या साऱ्या केबली त्यांनी ओरबाडून काढल्या, तोवर भांडाराच्या साठ्याच्या नोंदी आणि हिशेबाचे दोन कॉम्प्युटर कुलूपबंद झाले होते. ती कुलपं उघडायची किल्ली हॉस्पिटलला कधी मिळाली नाही. पुढचा आठवडाभर भांडारी खोकी उघडून हातमोजे हातानं मोजत बसला, आणि ती समोरून गेली की मुद्दाम मोठ्यानं मोजायचा.

लॅबचं काम कागदावर आलं. रिपोर्ट हातानं लिहून वॉर्डात पोचवायचे, धावायला वॉर्डबॉय. संध्याकाळची ऑपरेशनं पुढं ढकलली. एक म्हातारे गुरुजी सकाळपासून उपाशी राहून मूतखड्याच्या ऑपरेशनसाठी थांबले होते, त्यांना घरी जायला सांगितलं तेव्हा त्यांनी तिची चौकशी करत तळघर गाठलं. “मुली, माझा खडा काही कॉम्प्युटरवर ठेवलेला नाही,” ते म्हणाले. तिला हसावं की रडावं कळेना. ते मंगळवारी परत आले आणि ऑपरेशन व्यवस्थित झालं. बाळंतीण वाचली. तिचं बाळही.

रविवारी बाहेरच्या कंपनीची तज्ज्ञ माणसं आली. लॅबचा सर्व्हर त्यांनी इतरांपासून वेगळा ठेवून तपासला. तेच काम तिथंही लावलं होतं. चाललं असतं तर लॅबच्या सगळ्या नोंदी आणि त्यांचा बॅकअपही गेला असता. कागदपत्रांच्या सर्व्हरच्या किल्ल्या बदलल्या, सगळ्यांचे पासवर्ड बदलले, सगळ्यांनी त्याबद्दल तिला शिव्या दिल्या.

सोमवारी संचालकांच्या खोलीत बैठक झाली. साहेब लग्नाहून थेट आले होते आणि एका कोपऱ्यात बसले होते.

“लॅब बंद करायला परवानगी कुणी दिली?” संचालकांनी विचारलं.

तिनं तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, “मी.”

“ते तुमच्या अधिकारात येतं का?”

“बाळंतीण टेबलावर होती, सर. अधिकाराचं पुस्तक उघडायला हात रिकामे नव्हते.”

संचालकांनी तज्ज्ञांचा अहवाल पुढं ओढला. लॅब वाचली, हे त्यांनी मान्य केलं. पण भांडार गेलं. आणि कर्मचाऱ्यांच्या फायली चोरांनी आधीच उचलून नेल्या होत्या, सगळ्यांच्या, संचालकांच्या धरून. कौतुक झालं नाही, शिक्षाही झाली नाही. सगळ्यांना कळवण्याचं पत्र मात्र तिनं लिहावं, असं ठरलं.

पत्र गेलं आणि तिच्या तळघराला माणसांची रीघ लागली. माझं काय गेलं? पगार गेला का? जन्मतारीख गेली का? एक परिचारिका वय गेल्याचं ऐकून इतकी हवालदिल झाली की तिला खुर्ची द्यावी लागली. रीस्टार्टबाईनं प्रत्येकाला खरं ते सांगितलं. एकदा अर्धं वाचून बोलली होती, तेवढं पुरे होतं.

सगळे गेल्यावर प्रसूती वॉर्डातली आया दारात उभी राहिली. कमी बोलणारी, पस्तिशीची बाई.

“पत्ता पण गेला का हो?”

“गेला.”

“कुणालाही दिसेल?”

“पैसे दिले नाहीत तर सगळं इंटरनेटवर टाकू, अशी धमकी देतायत ते चोर. टाकलं, तर दिसेल.”

आया उंबऱ्यातच खाली बसली. “मी नवऱ्यापासून पळून आलेय,” ती म्हणाली. “दोन गावं बदलली. हॉस्पिटलात खरा पत्ता द्यावा लागतो म्हणून इथंच फक्त दिला होता. तो अजून शोधतोय.”

भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं घुमत होती. त्याला दिसणार नाही, असं म्हणणं सोपं होतं. बहुतेक ते खरंही निघालं असतं.

“तिथं राहू नका,” ती म्हणाली. “चला माझ्याबरोबर.”

ती आयाला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. वन्संनी सगळं ऐकलं, हातमोजे काढले आणि फोन उचलला. त्यांच्या ओळखीची एक निवृत्त परिचारिका एकटी राहायची, वरची खोली रिकामी होती. “भाडं वगैरे नंतर,” वन्सं फोनवर दरडावत होत्या, “खोली झाडून ठेव.”

पुढच्या रविवारी नवऱ्याच्या कामाच्या गाडीत लिफ्टच्या दोरखंडांवर आयाचं बिऱ्हाड चढलं. एक गादी, एक कपाट, डबे, शेगडी. वन्सं पदर खोचून पुढं, कपाट कसं वळवायचं ते भावाला शिकवत होत्या, आणि तो रोज माणसांनी भरलेल्या लिफ्ट चढवणारा माणूस निमूट ऐकत होता. सासूबाई गाडीत पुढच्या सीटवर बसून होत्या, घरी एकटं कसं राहायचं म्हणून. नव्या पत्त्याची नोंद हॉस्पिटलात कशी करायची, हे रीस्टार्टबाईनं आदल्या दिवशीच साहेबांशी भांडून ठरवून घेतलं होतं: कॉम्प्युटरवर नाही, वन्संच्या डोक्यात.

आयानं खोलीचं दार आतून लावून बघितलं. उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “बसा, चहा ठेवते.” कप कुठल्या खोक्यात गेले ते सापडेना, तेव्हा सगळ्यांनी वाट्यांतून चहा घेतला. साखरही सापडली नव्हती. वन्सं एक घोट घेऊन तोंड वाकडं करणार होत्या, पण आया त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून त्यांनी वाटी पुढं केली आणि आणखी थोडा मागितला.